आत्यांना गूळ बंद

आत्या, तुम्ही गेलात त्याला बारा वर्षं होऊन गेली, पण आपल्या गोठ्यात अजून तुमचंच राज्य आहे. हे मी कौतुकानं लिहीत नाही. रागानं लिहितेय, आणि खरं सांगायचं तर राग हा शब्दही बरोबर नाही. माझ्या पोटात दुखतं. तुम्ही होतात तेव्हाही दुखायचं, पण तेव्हा वाटायचं, चालायचंच, सासू-सून आहोत, आज ना उद्या घर माझ्या हातात येईल. घर आलं. चुलीच्या जागी गॅस आला, कौलांच्या जागी पत्रे आले, कपाटाच्या किल्ल्या माझ्या कमरेला आल्या. पण गाय अडली की, शेण पातळ झालं की, दुधाला वास आला की तुमचा मुलगा एकच वाक्य बोलतो, ‘आज आय असती तर.’ आणि मी तिथं उभी असून नसल्यासारखी होते. तुम्ही शेजारीण असतात तर नळावर गाठून मी तुम्हाला दोन शब्द सुनावले असते. मेलेल्या माणसाला गाठायची काही सोय नाही, म्हणून हे लिहायला बसलेय.

मी वाशिंदची, स्टेशनजवळच्या चाळीतली. लग्न होऊन सापगावच्या पुढे या गावात आले तेव्हा तुम्ही उंबऱ्यातच म्हणालात, ‘सासूबाय नको म्हनू गो, आत्या म्हन.’ मला बरं वाटलं. आठवडाभरात कळलं की हाक मऊ असली तरी माणूस कडक आहे. माझं नाव तुम्ही फारसं घेतलंच नाहीत. ‘पिशवीतल्या दुधाची पोर’ असंच म्हणायचात, पाहुण्यांसमोरसुद्धा, आणि पाहुणे हसायचे. तुमची तांबडी माझ्या हाताला पान्हा सोडत नसे. मी खाली बसले की ती पाय आखडून दूध चोरायची, आणि तुम्ही मागून म्हणायचात, ‘बांगड्या वाजवू नको. तिला वाटतं पावनी आली.’ पाहुणी! तेव्हा मला या घरात येऊन दोन वर्षं झाली होती. मग तुम्ही मला उठवून स्वतः बसायचात, तिच्या मांडीवर थाप मारून काहीतरी पुटपुटायचात, आणि चरवी भरायला लागायची. काय पुटपुटायचात ते मला कधी ऐकू आलं नाही. गाय व्यायली की तुम्ही खरवस करायचात. पहिली वाटी मुलाला, दुसरी मुरबाडला दिलेल्या लेकीसाठी झाकून, आणि मला पातेलं. ‘खरवडलेला जास्ती गोड लागतो,’ असं म्हणायचात. लागायचा गोड, नाही म्हणत नाही. पण वाटीतला कसा लागतो हे मला तुम्ही गेल्यावरच कळलं.

आणि तो चहा. सकाळी मी आत भाकऱ्या थापतेय आणि तुम्ही दोघं मायलेक ओट्यावर बसलाय. गुळाचा कोरा चहा, दोघांत एक बशी. आधी तुम्ही फुर्रकन पिणार, मग तो. बोलणं चाललेलं असायचं आणि मी पाणी द्यायला बाहेर आले की थांबायचं. बोलत असाल गवताचं, भाताचं, कोणाच्या बांधाचं. त्यात लपवण्यासारखं काय असणार? पण थांबायचं, एवढं खरं. पुढे शहापूरच्या डॉक्टरांनी तुमचं रक्त तपासून साखर आहे म्हणून सांगितलं आणि गूळ बंद केला. त्यांनी तोंडानं बंद केला, हातानं बंद करायचं काम माझ्याकडे आलं. मी ढेप वरच्या फळीवर ठेवली आणि सगळ्या गावात वाईट झाले. तुम्ही शेजारच्या काकूंना सांगितलंत, वन्संना फोन करून सांगितलंत, ‘सुनेनी माजी चाय तोडली.’ तुमचं तेरावं झाल्यावर मी गोठा झाडायला घेतला तेव्हा पेंढ्यामागे एक डबा सापडला. आत गूळ, चहाची पुडी आणि बशी. तुमच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, ‘जाऊ दे गो आता.’ तुमच्या जिवाला तो गूळ किती बाधला असेल ते देव जाणे. मला बाधलं ते हे की तुम्हा दोघांचं असं एक छोटंसं बिऱ्हाड माझ्या पाठीमागे चाललं होतं आणि त्यात मला जागा नव्हती.

आता या वर्षीचं सांगते, कारण त्यासाठीच लिहायला घेतलंय. पितृपक्षात तुमच्या तिथीला मी सकाळपासून राबले. खीर, वडे, अळूची भाजी, गवार, भोपळा, काही म्हणून कमी केलं नाही. वन्सं मुरबाडहून आल्या होत्या. शेजारच्या काकू आल्या होत्या, त्या तर तुमच्या जन्माच्या मैत्रीण. पान पडवीच्या पत्र्यावर ठेवलं आणि आम्ही सगळे खाली हात जोडून उभे. समोरच्या आंब्यावर कावळे बसले होते, बघत होते, पण एकही खाली येईना. तुमचा मुलगा म्हणाला, ‘आये, गोठा मोडनार नाय.’ वन्सं म्हणाल्या, ‘आये, भावाला अंतर देनार नाय.’ कावळा ढिम्म. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. जणू माझ्याकडूनच काहीतरी कबूल व्हायचं राहिलं होतं आणि त्याच्यावाचून तुमचा जीव अडला होता. मी काय कबूल करायचं होतं ते मला कळेना. तेवढ्यात गोठ्यातून गाय ओरडली.

तुमच्या तांबडीची नात व्यायली. कालवड झाली. तांबूस, अंगानं बारीक, आणि उजव्या कानाच्या टोकाला जन्मतःच चीर. तुमचीही उजव्या कानाची पाळी जड काप घालून घालून फाटली होती. वन्सं दारातच खाली बसल्या. ‘कावला शिवंल कसा? आय तर हिकडं आली,’ म्हणाल्या. काकूंनी पदर तोंडाला लावला. तुमचा मुलगा, पन्नाशीला आलेला माणूस, वारेनं बरबटलेल्या त्या वासराच्या पुढच्या खुरांना हात लावून पाया पडला. मग पत्र्यावरचं पान खाली उतरवलं गेलं, गोठ्यात नेलं गेलं, आणि बोटभर खीर वासराच्या ओठाला लागली. मी म्हटलं, बोटभर खिरीनं काय होतंय, लावा. मी चीक काढून वासराला भरपूर पाजला होता, ते ताठ उभं होतं, मला बाकीचं काही दिसत नव्हतं. माझी भांडी घासायची राहिली होती.

वन्सं मुरबाडला परत न जाता ‘आयसाठी’ म्हणून राहिल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून घरात दोन भाषा सुरू झाल्या. मी म्हणायचे ‘ते वासरू’. बाकी सगळे म्हणायचे ‘ती’, आणि काकू तर ‘म्हातारी कशी हाय?’ असंच विचारत यायच्या. आजूबाजूच्या बाया बघायला यायला लागल्या. तुमच्या मुलानं वाशिंदच्या कारखान्यात फोन करून ‘आय आजारी हाय’ म्हणून रजा मागितली, तेव्हा तर वासराला काही झालंही नव्हतं. तिकडचा जुना साहेब म्हणाला, अरे, तुझी आई वारली तेव्हाची रजा मीच पास केली होती. तुमचा मुलगा म्हणाला, ‘परत आली.’ मी तिथंच पोहे निवडत बसले होते. मला मलेरिया झाला होता तेव्हा गोळ्यांचं पाकीट उशाशी ठेवून हाच माणूस पहिल्या पाळीला निघून गेला होता. जाताना पंखा लावून गेला, तेवढं मात्र खरं.

मग ते खरंच आजारी पडलं. सुरुवातीला नुसतं मलूल दिसायचं. गायीजवळ नेलं की दोन घोट घ्यायचं आणि तोंड बाजूला करायचं. पोट डावीकडून फुगलेलं, हात लावला की आत पाणी डचमळल्यासारखं. शेण पांढरट, चिकणमातीसारखं चिकट, आणि त्याला आंबट वास. मधूनच दात करकर वाजवायचं. अंगात ताप नाही, नाळ सुकलेली, खोकला नाही. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे दिवसभर पडून असलेलं वासरू सकाळी बरोबर चहाच्या वेळी उठून उभं राहायचं आणि ओट्याकडे तोंड करून हंबरायचं. वन्संच्या अंगावर काटा यायचा. ‘बघ वयनी, चायच्या टायमाला कशी हाक मारते!’ मला त्याचं उत्तर देता यायचं नाही आणि म्हणून आणखी राग यायचा. शहापूरहून जनावरांचे डॉक्टर आले. तरुण माणूस, नीट तपासणारा. छाती ऐकली, डोळ्याची पापणी उलटून बघितली, पोटावर टिचक्या मारल्या. म्हणाले, ‘पोटात काहीतरी आंबतंय, पण नुसत्या आईच्या दुधावर असं होत नाही. दुधाशिवाय काही देता का वासराला?’ तुमचा मुलगा म्हणाला, ‘काय नाय सायेब.’ वन्संनी मान हलवली, काकूंनी हलवली. खोटं बोलताना तुमच्या मुलाचे कान लाल होतात. हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत, माझं मीच शिकले. मी कानांकडे बघितलं. ते लाल नव्हते. डॉक्टर इंजेक्शन देऊन कोड्यात पडून गेले.

मी अंगणवाडीत सेविका आहे हे तुम्हाला माहीतच आहे, नोकरी लागली तेव्हा ‘दुसऱ्यांची पोरं सांभाल आता’ म्हणून तुम्हीच तोंड वाकडं केलं होतं. त्या आठवड्यात मी गावातल्या बाळंतिणींना गोळा करून नेहमीचं सांगत होते, सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको, घुटी नको, मध नको. सांगून दुपारी घरी आले. काकू गोठ्याच्या दारात कपाळाला हात लावून बसल्या होत्या. ‘मुंग्या लागल्या गो. आता काय खरं नाय.’ आत बघते तर वासरू आडवं पडलंय आणि त्याच्या हनुवटीवर, ओठांच्या कडेला मुंग्या. काकूंना वाटलं जीव जायची खूण आहे. पण आत्या, दुपारी झोपलेल्या पोरांच्या हनुवट्यांवर मी रोज मुंग्या बघते, आणि मला कळतं की कोणीतरी खिशातून चॉकलेट आणलंय. मी खाली बसून वासराचं तोंड हुंगलं. गूळ. गूळ आणि चहाची पावडर.

सगळ्यांना बोलावलं. आवाज चढवला नाही, खरंच नाही. ‘वासराला चहा कोण देतं?’ तुमचा मुलगा सरळ माझ्याकडे बघत म्हणाला, ‘वासराला कुठं देतो गो? आयला देतो.’

त्या माणसानं काही लपवलंच नव्हतं! डॉक्टरांनी विचारलं होतं, वासराला काय देता, तर वासराला कोणीच काही देत नव्हतं. सकाळी मी अंघोळीला गेले की तो बशीत कोरा चहा ओतून, फुंकर मारून, तुमच्यापुढे धरत होता. वन्सं दुपारी तांदळाची पेज आणत होत्या, कारण शेवटी शेवटी तुम्हाला पेजच जायची. काकू येताना भाकरीचा मऊ कुस्करा आणायच्या, पदराखाली झाकून, मैत्रिणीसाठी. बघायला येणाऱ्या बायांपैकी कोणी केळं, कोणी शिरा. प्रत्येकजण आपापलं, थोडं थोडं, प्रेमानं. सगळं तुमच्यासाठी, आणि जात होतं त्या बिचाऱ्याच्या पोटात. मला हसू आलं असतं. पण पुन्हा तीच बशी होती, आत्या. बारा वर्षांनी पुन्हा सकाळचा चहा, पुन्हा मायलेक, पुन्हा माझ्या पाठीमागे. माझ्या डोक्यात सणक गेली ती वासरासाठी गेली असं लिहिलं तर छान दिसेल, पण ती त्या बशीमुळे गेली.

मी म्हटलं, ‘आजपासून बंद. कोणीही काहीही द्यायचं नाही.’ वन्सं उभ्या राहिल्या. ‘जित्तेपनी चाय तोडलीस. आता परत आली तर परत तोडतेस? किती जलशील वयनी माज्या आयवर?’ सगळ्यांसमोर बोलल्या. तुमचा मुलगा जमिनीकडे बघत होता. मी म्हणू शकले असते की हे जनावर आहे, त्याला दुधाशिवाय काही पचत नाही. पण जनावर आहे हे तर आधी पाच वेळा म्हटलं होतं, कोण ऐकतंय! आणि जळते हे तर खरंच होतं, ते कसं खोडून काढणार? मग मला जे सुचलं त्याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मी पदर खोचला आणि विचारलं, ‘ह्या आत्या आहेत ना? नक्की ना?’ वन्सं म्हणाल्या, ‘नक्की.’ यांनी मान हलवली. ‘मग आत्यांना साखर होती,’ मी म्हटलं. ‘डॉक्टरांनी गूळ बंद केला होता, भात कमी करायला सांगितला होता. ते त्यांनी अजून उठवलेलं नाही. गूळ बंद, चहा बंद, पेज बंद, भाकर बंद. आत्या असतील तर पथ्य आत्यांचं, आणि वासरू असेल तर दूध वासराचं. दोन्हीकडून माझंच ऐकायचं.’ काकू हळूच म्हणाल्या, ‘खरं हाय. तिला शुगर व्हती.’ वन्संचं तोंड उघडं राहिलं. तुम्ही तिथं असतात तर तुम्हालाही उत्तर सुचलं नसतं, एवढं मी पैजेवर सांगते.

डॉक्टरांना फोन केला, सगळं सांगितलं. ते बहुतेक हसू दाबत असावेत. मग म्हणाले, ताई, या वयात तिचं एकच पोट चालतं, दुधाचं, बाकीची पोटं अजून उठलेलीच नाहीत, त्यात पेज आणि गूळ पडला की नुसता आंबत बसतो. त्यांनी येऊन औषध दिलं, मीठ-ग्लुकोजच्या पाण्याची बाटली कशी पाजायची ते दाखवलं आणि जाताना मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाले, उशीर झालाय, वाचेल असं नक्की सांगत नाही. मी अंगणवाडी मदतनीस बाईवर सोपवून रजा टाकली. आत्या, मला तुमच्यासारखी गुरांची माया नाही. मी त्या वासरापाशी बसले ती भीतीनं बसले. ते गेलं असतं तर दोष चहाला लागला नसता, मी चहा तोडला त्याला लागला असता. एकाच सासूला दोनदा मारलेली सून म्हणून मी या गावात राहिले असते, आणि तुमचा मुलगा तोंडानं काही बोलला नसता, फक्त जेवताना माझ्याकडे बघणं बंद केलं असतं.

पहिले दिवस वाईट गेले. डोळे खोल गेलेले, कान गार, मान उचलायची ताकद नाही. दर थोड्या वेळानं मी त्याचं तोंड मांडीवर घेऊन घोट घोट पाणी पाजायचे, अंग पोत्यानं चोळायचे, खालचा पेंढा बदलायचे. तुमचा मुलगा समोर खांबाला टेकून बसलेला. एका दुपारी वासरानं मान टाकली तेव्हा तो मोठ्यानं रडला. ‘आये, जाव नको,’ म्हणाला. माझ्या मांडीवर जनावर मरायला टेकलेलं, आणि मी काय विचार करत होते? मी मेले तर हा असा रडेल का? मी ते मोजत होते, आत्या. हात चोळायचं काम करत होते आणि मन ते मोजत होतं. मग मी त्याला म्हटलं, ‘रडताय काय, मागचे पाय चोळा.’ तो उठला आणि चोळायला लागला. आम्ही दोघं एका कामाला असे समोरासमोर किती वर्षांनी बसलो होतो, मला आठवेना. तो मधेच म्हणाला, ‘आय चाय पिताना काय बोलायची, म्हाईत हाय? म्हनायची, तुजी बायको माज्यावर टपून असते, हळू पी.’ आणि रडता रडता हसला. बारा वर्षं मी ज्या बोलण्यावर झुरत होते ते हे होतं. मला हसू आलं नाही. माझ्याबद्दल बोलत होतात तर निदान मला ऐकू जाईल असं बोलायचं होतं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी वासराच्या तोंडात बोट घातलं तर जिभेनं ते गुंडाळून धरलं. ओढ होती. उचलून गायीखाली नेलं, सडाला तोंड लावून दिलं, आणि ते प्यायलं, सोडून दिलं, पुन्हा प्यायलं. त्यानंतरचं पहिलं नीट, पिवळं शेण मी ज्या आनंदानं बघितलं त्याचं वर्णन अंगणवाडीच्या बाईनं करू नये. पोट उतरलं, दात वाजवणं थांबलं, सकाळचं हंबरणंही हळूहळू बंद झालं. गावात मात्र बोलणं एकच झालं. काकू नळावर सांगत होत्या, ‘पुन्याईची बाय, मरनातून परत आली.’ म्हणजे तुमची पुण्याई! वाचलं ते तुमच्यामुळे, आणि मेलं असतं तर माझ्यामुळे. मी हंडा उचलला आणि घरी आले.

नवरात्रात वन्सं पुन्हा आल्या. सकाळचं कोवळं ऊन होतं, तुमच्या मुलानं वासराचं दावं सोडलं आणि ते अंगणात आलं. चारही पायांनी एकदम उड्या मारणारं, शेपटी वर केलेलं. हे ओट्यावर बसले होते, मांडीवर थाप मारून म्हणाले, ‘आये, ये.’ वन्संनी दोन्ही हात पसरले, ‘ये गो माजी आय.’ काकू बाजूला उभ्या. मी कोपऱ्यात भांडी घासत होते, कोणी मला बोलावलं नव्हतं आणि मी कोणाला बोलावलं नव्हतं. ते यांच्यापर्यंत गेलं, यांचा हात हुंगला आणि पुढे निघालं. वन्संच्या पसरलेल्या हातांच्या मधून निघालं. सरळ माझ्याकडे आलं, माझ्या पोटाला डोकं लावलं आणि माझ्या ओल्या हाताचं बोट तोंडात घेऊन ओढायला लागलं. मग वन्सं म्हणाल्या, ‘बाटली हिच्या हातात व्हती ना, म्हनून.’

बरोबर बोलल्या. जो पाजतो त्याच्याकडे जनावर येतं, एवढंच आहे ते. अंगणवाडीतली पोरंसुद्धा खाऊच्या डब्याकडे बघूनच मला बिलगतात, मी त्याचा कधी वेगळा अर्थ लावलेला नाही. हे लिहिलेलं मी कोणाला देणार नाही. यांना दाखवलं तर हे गोठ्यात जाऊन मोठ्यानं वाचून दाखवतील, त्यापेक्षा चुलीत घातलेलं बरं, आणि आता घरात चूलही नाही. एवढं सगळं लिहिलं तर एक राहिलेलं लिहून टाकते. ते वासरू आहे, आत्या. तेव्हाही मी तेच म्हणत होते, आजही तेच म्हणते, उद्या सगळं गाव एका बाजूला झालं तरी तेच म्हणेन. पण यांना सोडून, वन्संना सोडून ते माझ्या पोटाशी येऊन उभं राहिलं ना, तेव्हा, त्या तेवढ्या वेळापुरतं, ते वासरू नसावं असं मला फार वाटलं.